सासऱ्यांची अफू एकदम बंद करावी का?

प्रश्न : माझे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. राजस्थानच्या फेऱ्यांवर ट्रक चालवत असताना त्यांना अफूची सवय लागली आणि आता गुडघेदुखीचे निमित्त सांगून ते रोज सकाळी चहाबरोबर अफूची गोळी घेतात. ‘ही झाडपाल्याची वस्तू आहे, दारू नाही,’ असे ते म्हणतात. त्यांची डबी लपवून ठेवावी, असे माझ्या यजमानांना वाटते. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक भगिनी, हडपसर, पुणे

उत्तर : डबी लपवू नये. अफू म्हणजे खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडांना चिरा पाडल्यावर पाझरणारा आणि वाळून घट्ट झालेला चीक. त्यात मॉर्फिन असल्यामुळे दुखणे दबते, हे खरेच आहे. गुडघ्याची झीज मात्र चालूच राहते. बद्धकोष्ठता तर ठरलेलीच, त्यामुळे सासऱ्यांच्या उशाशी एखादे रेचक चूर्ण असल्यास मला नवल वाटणार नाही.

अफू अचानक तुटली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, उलट्या आणि रात्रभर पायांची तगमग सुरू होते. तरुण माणूस यातून सहसा निभावून जातो, परंतु या वयात अंगातील पाणी कमी होऊन रक्तदाब व हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. याहून मोठा धोका पुढे आहे : काही दिवस अफू सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग कुठून तरी मिळवून जुन्याच मापाची गोळी घेतली, तर तीच जिवावर बेतू शकते. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांची जोड मिळाल्यास धोका आणखी वाढतो. श्वास मंदावला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, हाक मारूनही जाग येत नसेल, तर क्षणभरही न थांबता 108 ला फोन करावा.

सासऱ्यांना विश्वासात घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देखरेखीखाली देऊन अफू सोडवता येते. गुडघ्यांचे उपचार त्याच वेळी सुरू करावेत, नाहीतर निमित्त कायम राहील. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे आणि 14446 या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. विनापरवाना अफू बाळगणे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांच्या कानावर घालावे.

आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. घरात लहान मूल असेल, तर ते शांत झोपावे म्हणून बाळगुटीत अफूचा कणही उगाळू देऊ नये. तेवढ्यानेही तान्ह्या बाळाचा श्वास बंद पडू शकतो. उपचार सुरू होईपर्यंत डबी सासऱ्यांच्या संमतीने कुलुपात ठेवावी.