गव्हात गव्हासारखंच गवत उगवलंय, काय मारू?

दादा, गहू 28 दिवसांचा झालाय आणि गव्हामागं मका टाकायचाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगतो, सल्फोसल्फ्युरॉन हे तणनाशक अजिबात घेऊ नका. माझं रान कागलकडं आहे. मागं एकदा दुकानदारानं तेच दिलं, पुढं काय पेरणार हे त्यानं विचारलं नाही आणि मलापण सुचलं नाही. गवत गेलं, गहू झकास आला, पण नंतर म्हशींसाठी टाकलेली मक्याची वैरण पिवळी पडून गुडघ्याच्या वर गेलीच नाही. या औषधाचा अंश मातीत कित्येक महिने राहतो आणि मका, ज्वारी त्याला लई नाजूक. सगळा उन्हाळा विकतची वैरण घातली, ते अजून सलतंय.

तुम्ही क्लोडिनाफॉप या तणनाशकाची 15 टक्के पावडर घ्या. एकरी 160 ग्रॅम, 150 लिटर पाणी, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 16 ग्रॅम, असे दहा पंप. गवत 2 ते 4 पानांवर असतानाच मारायचं, म्हणजे तुमच्याकडं आता थोडेच दिवस आहेत. पाणी दिलं असेल तर वाफसा आल्यावर मारा, कोरड्या रानात काम होत नाही. फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल लावा.

पण आधी एक रोप उपटून बघा. गव्हाच्या पानाच्या बुडाला खोडाला मिठी मारणारे दोन बारके कान असतात, गुल्ली दंडा आणि रानओट या गव्हासारख्या दिसणाऱ्या दोन्ही तणांना ते नसतात, आणि गुल्ली दंड्याचं बूड लालसर दिसतं. ही दोन असतील तर क्लोडिनाफॉप चालतं. लव्हाळा किंवा चाकवतासारखं रुंद पानाचं तण असेल तर त्याला काहीच होणार नाही. रुंद पानासाठी टू-फोर-डी मारायचं झालं तर त्याच पंपात मिसळू नका, गवतावरचा असर कमी होतो, आठवडाभर थांबून वेगळं मारा.

मारल्यावर आठ दिवस गवत हिरवंच दिसतं म्हणून घाबरून परत मारू नका, वाढ आधीच थांबलेली असते, पिवळं पडायला दोनेक आठवडे लागतात. आणि हो, गहू उसात आंतरपीक म्हणून असेल तर हे मारूच नका, ऊसपण गवतच आहे.