डॉक्टरबाईंना विचारा : पाय धुतले, हातांचं काय?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातली सून, नोकरीमुळे मडगावात राहते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे मूळ घरी जमतो, लहानमोठी धरून तीसेक माणसं. संडास परसात, बांयच्या (विहिरीच्या) अलीकडे. तिथे नळ आहे, बादली-तांब्या आहे, साबण नाही. ठेवला तर कावळा नेतो. माझे सासरे, घरात सगळे त्यांना भाई म्हणतात, सोवळ्याओवळ्याचे कडक. संडासातून आले की घोट्यापर्यंत पाय धुतात, चूळ भरतात, हातांवरून मात्र नुसतं पाणी. पूर्वी राखेने घासायचे. चूल गेली, राखही गेली. साबणाचं नाव काढलं तर म्हणतात, ‘दहाजणांनी हाताळलेली वडी, मी कशाला लावू?’ इतरांचंही त्यांच्याकडे बघून तसंच. गेल्या वर्षी चवथीनंतर महिनाभराने घरातल्या तीन मुलांना कावीळ झाली. बांयचं पाणी बाधलं असं ठरलं, म्हणून यंदा पाणी उकळून प्यायचं आहे. पण हातांचं कसं सांगू? — एक सून, सत्तरी

उत्तर : पाणी उकळताय ते उत्तम, चालू ठेवा. भाद्रपदात बांय काठोकाठ भरलेली असते. संडासाची टाकी तिच्यापासून पंधरा मीटरच्या आत असेल तर तेही बघायला हवं. आरोग्य केंद्रात कळवून बांयमध्ये ब्लीचिंग पावडर घालून घ्या. पण उकळलेल्या पाण्याच्या पिंपात ज्याने पेला बुडवला, त्याचा हात कुठून आला हे कोणी विचारलं का?

तुझ्या पत्रातलं ‘महिनाभराने’ मी दोनदा वाचलं. मुलांना होते ती कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए या विषाणूची असते. तो पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सात आठवडे लागतात, सरासरी चारेक. म्हणजे चवथीच्या गर्दीतच तो मुलांच्या पोटात गेला असावा. बांयतून गेला की कुणाच्या बोटांवरून, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण हा विषाणू शौचावाटे सर्वांत जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसण्याच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत, माणूस हिंडता-फिरता असताना. आणि अगदी लहान मुलांना तो झाला तरी पुष्कळदा काहीच दिसत नाही. म्हणून ‘आमच्यात कोण आजारी आहे?’ या प्रश्नाला अर्थ नाही. बाळाची शी काढून तशीच नेवऱ्या (करंज्या) भरायला बसणारी आत्याही यात आली. मुलांच्या डॉक्टरांना या काविळीच्या लशीबद्दल जरूर विचार.

भाईंचं निम्मं बरोबर आहे, असं मी म्हटलं तर दचकू नकोस. राखेने घासण्यात अर्थ होता: राख खरखरीत आणि क्षारयुक्त, चोळण्याने घाण सुटते. परसातल्या मातीने मात्र नको, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. नुसत्या पाण्याने वास जातो, दिसणारं जातं, पण शौचातली चिकट, तेलकट घाण कातडीला धरून राहते. साबणाचं एक टोक तेलाला पकडतं, दुसरं पाण्याला, आणि मधल्यामध्ये घाण सुटून वाहून जाते. गरम पाणीही लागत नाही, बांयचं गार पाणी चालतं. लागतात ती वीसेक सेकंदं, म्हणजे सावकाश वीसपर्यंत आकडे. बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याला आणि नखांच्या आत. चवथीच्या दिवसांत नखांत तांदळाचं पीठ असतंच, त्याच्याबरोबर आणखी काय आहे ते दिसत नाही.

आता ‘डावा हात वेगळा, उजवा वेगळा’ हा मुद्दा येणारच. डावा धुताना त्याला चोळतो कोण? उजवाच. संडासाची कडी, नळाची तोटी, तांब्याचा काठ, हे धरताना डावा-उजवा कोणी बघत नाही. नेवरीला मुरड काय एका हाताने घालता?

शिजवलेल्याची मला फार चिंता नाही. पातोळ्या वाफेवर जातात, नेवऱ्या उकळत्या तेलात. भीती असते ती नंतर हात लागणाऱ्या आणि कच्च्या गोष्टींची: पंचखाद्य, कोशिंबीर, कापलेली फळं. 1906 साली न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे इथे एका घरातल्या अकरा माणसांपैकी सहांना विषमज्वर झाला. शोध घेता घेता संशय आला तो मेरी मॅलन या स्वयंपाकिणीवर. ती ठणठणीत होती, पण तिच्या शौचातून विषमज्वराचे जंतू पडत होते. तिचं गरम जेवण सहसा बाधलं नसतं. तपास करणाऱ्याचं बोट गेलं ते ताज्या पीच फळाच्या तुकड्यांच्या आइस्क्रीमकडे. मेरीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. भाईंना लगेच पटावं ही अपेक्षा म्हणूनच ठेवू नकोस.

आणि भाईंना तू सांगूच नकोस. सासऱ्याला हात धुवायला शिकवणारी सून कुठल्याच घरात आवडती होत नाही. त्यांना त्यांची स्वतंत्र वडी दे, वेगळ्या रंगाची, त्यांच्या तांब्याशेजारी. स्वतःची वस्तू वेगळी ठेवणं सोवळ्यात बसतं, त्याला त्यांची हरकत नसेल. (दहाजणांनी वापरलेल्या वडीनेही काही होत नाही, फेसाबरोबर सगळं वाहून जातं. वडी चिखलात लडबडलेली नसावी, इतकंच.)

बाकीच्यांसाठी कावळ्याचा बंदोबस्त कर. कांद्याची जाळीची पिशवी घे, तीत वडी घाल, तोंड सुतळीने आवळ आणि नळाच्या तोटीला बांधून टाक. जाळीवरूनच हात चोळले की भरपूर फेस येतो, वडी खाली पडत नाही, कोरडीही राहते. साबण न्हाणीत ठेवून लोकांनी परसातून तिथवर यावं अशी आशा धरू नका, वाटेत कोणीतरी हाक मारतं आणि राहून जातं. शेजारी एक खिळा ठोकून धुतलेला पंचा अडकवा, तो रोज बदला. ओल्या हाताने जंतू जास्त सहज पसरतात, आणि पंचा नसला की माणूस साडीला नाहीतर लुंगीला हात पुसतो.

प्रश्न : वाळपईहून पणजीला रोज बसने कॉलेजला जाते. स्टँडवरच्या संडासात साबण कधीच नसतो. सॅनिटायझर पुरतो का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : शौचानंतर, नाही. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस आणि वर सांगितलेला काविळीचा विषाणू अल्कोहोलला फारसे दाद देत नाहीत, आणि हात ओला किंवा मळलेला असेल तर सॅनिटायझर आणखीच कमी पडतो. अगदी काहीच नसेल तेव्हा वापर. त्यापेक्षा पर्समध्ये कागदी साबणाची डबी ठेव, औषधाच्या दुकानात मिळते. संडासात जाण्याआधीच एक पान काढून वरच्या खिशात ठेवत जा. ओल्या बोटांनी डबी उघडलीस तर सगळी पानं चिकटून गोळा होतो.