एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) चौथ्या फळीच्या, म्हणजे सर्वांत कमी वेळ खेळणाऱ्या, खेळाडूला किती वर्षांचा करार द्यावा?

एक, फार तर दोन वर्षं. तिसरं वर्ष मागितलं तर आधी रक्कम बघा. 2025-26 हंगामात किमान पगार 7,75,000 डॉलर आहे. खेळाडू वेव्हर्समधून (इतर संघांना त्याला घेण्याची संधी देऊन) मायनर्सला, म्हणजे खालच्या लीगमध्ये, गेला की त्यात 3,75,000 मिळवून होणारे 11,50,000 कॅपमधून (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेतून) सुटतात. त्याहून स्वस्त करार तीन वर्षांचा असला तरी कॅपला झळ नाही (मालकाच्या खिशाला आहेच, शिवाय 50 करारांच्या मर्यादेतली एक जागाही अडते). 20 लाख डॉलरच्या करारात मात्र दरवर्षी साडेआठ लाख अडकतात. बायआउटवर (पैसे देऊन करार मुदतीआधी मोडण्यावर) भिस्त नको: 26 किंवा जास्त वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, तेही दुप्पट वर्षांत. दोन वर्षांचं दुखणं चार वर्षं पुरतं. तिशीतल्या, फक्त पेनल्टी किलिंगवर (शिक्षेमुळे संघात एक खेळाडू कमी असताना गोल रोखण्यावर) टिकलेल्या खेळाडूला एकच वर्ष; वेग आधी जातो.