हॉटेलवाल्यांनी आणि खाणाऱ्यांनी जवळच्या शेतकऱ्यांचा, धनगरांचा माल का घ्यावा?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बाहेरून स्वस्त मिळत असेल तर हॉटेलवाल्यानं जवळच्याकडनं का घ्यावं, ही नुसती भावनिक गोष्ट नाही का. मी बेळगावात वडगावला छोटी खानावळ चालवते, दुपारची शंभरएक ताटं जातात, बुधवारी आणि रविवारी मटण. माहेर येळ्ळूर, भाऊ अजून शेती करतो. म्हणजे माल विकणारं घर पण माझंच आणि भाव पाडून मागणारी पण मीच. भावनिक बिवनिक काही नाही हो, हिशोबच आहे, खरं तो हिशोब बिलाच्या कागदावर दिसत नाही. (आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, पुढं बऱ्याचदा येईल, सांभाळून घ्या.)

मटणापासून सुरू करते कारण तिथंच मी आपटले होते. चारएक वर्षांमागं आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात, श्रावण लागायच्या आधी लोक कसे तुटून पडतात माहितीच असेल, एकानं आणून दिलेलं मटण मी घेतलं, किलोमागं 70 रुपये कमी, आयतं कापलेलं, बर्फाच्या पेटीतनं. कुठलं, कसलं जनावर, किती वयाचं, काही विचारलं नाही. दोन तास चुलीवर, मग कुकरला चार शिट्ट्या, तरी दाताला चामडं लागतंय, आणि रश्शाला तवंग म्हणून नाही. बँकेतनं रिटायर झालेले एक काका रोज जेवायला येतात, ते ताटावरनं उठताना म्हणाले, "वैनी, आज बकरं म्हातारं होऊन मेलं होतं काय?" सगळी पंगत हसली. मी पण हसले, आणि रात्री गॅस किती जास्त जळला, किती ताटं परत आली ते मांडलं तर 70 रुपये कुठल्या कुठं गेले होते.

त्यानंतर मी अथणीकडच्या एका धनगर मामांकडनं घ्यायला लागले. आमच्यात बकरी म्हणजे मेंढरं, शेळीला शेरडू म्हणतात, त्यामुळं मी बकरी लिहिलं की मेंढरं समजा. पावसाळ्यात ही माणसं कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या भागातच राहतात, कारण खानापूर बाजूच्या पावसात आणि चिखलात बकऱ्यांचे खूर कुजतात. दिवाळीनंतर भातं कापली की कळप इकडं पश्चिमेला सरकायला लागतात. आमच्या येळ्ळूरच्या काळ्या रानात भातानंतर मसूर, हरभरा असतो, तो निघाला की भाऊ दोन-तीन रात्री बकरी बसवून घेतो. म्हणजे रात्रभर कळप रानातच मुक्कामाला, लेंडी आणि मूत जिथल्या तिथं जमिनीत, आणि त्याबद्दल धनगराला ज्वारी नाहीतर रोख. मे अखेरीला धूळवाफ पेरणी (म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच) झाली की त्याच खतावर भात येतंय. संत बाळूमामांच्या नावानं फिरणारी बकरी रानात बसली की लोक नशीब समजतात, बाळूमामा मूळचे इथलेच, आपल्या निपाणीजवळच्या अक्कोळचे, समाधी तिकडं आदमापूरला. श्रद्धा आहेच, खरं त्या श्रद्धेच्या खाली दोन बोटं खताचा थर पण आहे हे कुठलाही शेतकरी सांगेल.

आता यात हॉटेलवाल्याचा काय संबंध? तर धनगराच्या हातात आता फक्त मटणाचाच पैसा उरलाय. पूर्वी लोकरीचे येत होते. ही दख्खनी जात काळी, लोकर राठ, तिची घोंगडी व्हायची. आता घोंगडी घेतंय कोण, कातरणीची मजुरी पण लोकरीतनं निघत नाही, म्हणून कित्येक जण लोकर तिथंच टाकून देतात. मग बकऱ्याचा भाव पडला की तो कळप विकतो आणि पोरगा टेम्पोवर क्लीनर म्हणून जातो. कळप गेला की माझ्या भावाच्या रानातलं खत गेलं. मग युरियाची पोती वाढली, तांदूळ महाग झाला, आणि तो महाग तांदूळ शेवटी घेणार कोण, तर मीच. हे गोल फिरून माझ्याच चुलीपाशी येतंय.

बाजारात बकरं अंदाजानं विकलं जातं. व्यापारी पाठीवर हात दाबून बघतो, टॉवेलाखाली बोटं धरून भाव होतो, आणि धनगर कायम मार खातो कारण व्यापाऱ्याचा हात रोजचा आणि त्याचा वर्षातनं चार वेळचा. मी काय केलं, सरळ काटा आणला. जिवंत वजनावर भाव. तीस किलोचं बकरं असलं तर हाडासकट मटण चौदा-पंधरा किलो पडतंय, बाकी मुंडी, पाय, वजडी, कातडं. पहिल्या दिवशी मामा काट्याकडं असं बघत होते जणू मी त्यांनाच तोलणार आहे. मी "एष्टु मामा?" (कन्नडमध्ये 'किती') विचारते, ते मराठीत उत्तर देतात, मग परत मी मराठीत आणि ते कन्नडमध्ये, असा आमचा व्यवहार. सीमाप्रश्न काट्यावर येत नाही.

खरं एक अडचण आहे आणि ती कुणी सांगत नाही. अख्खं बकरं घेतलं की अख्खं खपवावं लागतंय. गिऱ्हाईक मागतो मांडी आणि चाप. मग वजडी, कलेजी, रक्ती, मुंडीचा रस्सा, पाया, हे कोण खाणार? जुन्या खानावळीत हे सगळं व्हायचं, सावजी हॉटेलात अजून होतंय. मी बुधवारी पाया सूप आणि वजडी सुकं लावलं, पहिले दोन महिने आमच्या घरातल्यांनीच खाल्लं, आता साडेबाराला संपतंय. म्हणून खाणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच, जवळचा माल पाहिजे म्हणता ना, मग फक्त मांडी मागू नका.

भाजीचं गणित वेगळं. गोव्याच्या ताटातली भाजी बहुतेक आमचीच, रात्री इथनं गाड्या भरतात आणि चोर्ला घाटातनं सकाळी तिकडं पोचतात. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला गाड्या अडकल्या तेव्हा तिकडं लोक भाजी शोधत होते आणि इकडं कोबी, फ्लॉवर रानात सडत होते. मोठं गिऱ्हाईक लांब असलं की असं होतंय. आणि गंमत बघा, त्याच बेळगावात कितीतरी हॉटेलांत टोमॅटो येतो कोलारचा, साडेपाचशे किलोमीटरच्या वरनं, कारण एकसारखा, कडक आणि वर्षभर मिळतो. त्यात त्यांची चूक आहे असं मी म्हणत नाही, रोज पाच क्रेट लागणाऱ्याला इथला एकटा शेतकरी पुरा पडत नाही. मला रोजचे दहा-बारा किलो लागतात, मला जमतंय.

कडोलीच्या एका दादांशी माझं ठरलंय. टोमॅटो तीन रुपयांवर आला तरी मी दहानं घेणार, आणि वर गेला की ते मला बाजारापेक्षा कमीनं देणार. कागद बिगद काही नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा मला वाटलं आता दादा फोन उचलायचे नाहीत. त्यांनी साठनं दिला. त्या महिन्यात शेजारच्या हॉटेलांनी सारातनं टोमॅटो काढून चिंच वाढवली होती, माझं सार तसंच होतं. याला तुम्ही भावनिक म्हणा, मी विमा म्हणते.

बटाट्याचं तर अजून सोपं. पश्चिमेकडच्या तांबड्या मातीतला पावसाळी बटाटा निघाला की मार्केटला निवडून लागतो, मोठ्याला भाव आणि बारीक गोळीला मातीमोल. खरं खानावळीला गोळीच चांगली! सालासकट उकडायची, अख्खीच रश्शात सोडायची, चिरायला बाई लावायला नको. फक्त तो टिकत नाही, आठवड्याच्या वर पोत्यात ठेवला की खालनं पाणी सुटतंय, हे मी एकदा अख्खं पोतं टाकून शिकले.

तांदूळ. बेळगाव बासमतीचं नाव सगळ्यांना माहीत, शिजताना गल्लीत वास जातो, खरं पिकवणारी रानं शहापूर, वडगाव, येळ्ळूर, अनगोळ अशी शहराला चिकटूनच, म्हणजे प्लॉट आणि रस्ते आधी तिथंच घुसणार. त्यात पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात येऊन बसतंय. रोजच्या ताटाला हा तांदूळ मला परवडत नाही, खोटं कशाला बोलू, रोज सोना मसुरीच असते, ती गंगावतीकडनं येते. रविवारी मटणाबरोबर मात्र भावाकडची बासमती, वर्षभर ठेवलेली, कारण नवा तांदूळ लगेच गिचका होतो. ताटाला 20 रुपये जास्त लावते आणि फळ्यावर लिहिते कशाचे ते. आजवर कुणी भांडलं नाही.

आणि जवळचं म्हणजे चांगलंच असं पण नाही. इथले शेतकरी पण फ्लॉवरवर फवारा मारून तिसऱ्या दिवशी काढतात, मी बघितलंय. 'जवारी कोंबडी' (जवारी म्हणजे गावठी) अशी पाटी लावून क्रॉसची कोंबडी खपवणारी हॉटेलं पण जवळचीच असतात. खरी जवारी कोंबडी अर्ध्या तासात शिजत नाही, हाड दाताखाली कडक लागतंय. फरक एवढाच की जवळच्याच्या रानात मी चप्पल घालून जाऊ शकते आणि विचारू शकते, काय मारलंस रे, कधी मारलंस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं माझीच चूक. हॉटेलवाल्यांना वाटतंय सपोर्ट म्हणजे फळ्यावर 'शेतातून थेट' लिहिणं. सपोर्ट म्हणजे वेळेवर पैसे. सुरुवातीला मी मेथी-कोथिंबीर देणाऱ्या एका काकूंचे पैसे महिनाभर लटकवले, आज देते उद्या देते करत. त्या काही बोलल्या नाहीत, एक दिवस यायच्याच बंद झाल्या. नंतर मार्केटला दिसल्या, गोव्याच्या गाडीत पेंढ्या चढवत होत्या. मला म्हणाल्या, "अक्का, हा भाव कमी देतो खरं हातात देतो." तेव्हापासनं भाजीचे पैसे रोजच्या रोज, बकऱ्याचे काट्यावरच. मोठ्या हॉटेलांची 45 दिवसांची उधारी शेतकऱ्याला कशी परवडेल सांगा, त्याला परवा मजूर लावायचेत.

तुम्ही शेवटी विचारलंय की एकट्या खाणाऱ्यानं काय करायचं. विचारायचं. आमचे ते बँकेतले काका बसायच्या आधी विचारतात, "आज जवारी काय?" कधी भेंडी असते, कधी मेथी, जे असेल ते खातात, जूनमध्ये मटार मागत नाहीत. परवा पाऊस लागून राहिला होता, मी म्हटलं काका, आज सगळं मार्केटचंच आहे, जवारी काहीच नाही.

"मग पिठलं कर," म्हणाले, "डाळ तर भावाच्या रानातली असेल?"

होती.