पातं कोणत्या पोलादाचं? आधी लोहचुंबक आणि तो रिपोर्ट बाजूला ठेवा

इथे प्रश्न आलाय: आजोबांचा दोन पात्यांचा घडीचा चाकू, पात्याच्या बुडाशी 'शेफील्ड' (इंग्लंडमधलं शहर) एवढंच वाचता येतंय, तर पोलाद कोणतं? लोहचुंबक चिकटतो म्हणून कोणी 'कार्बन', म्हणजे गंजणारं साधं पोलाद, म्हणतं, आणि लॅबच्या कागदावर क्रोमियम-निकेल आलं म्हणून कोणी 'स्टेनलेस'. असला कागद माझ्याकडेही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी धातुशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगतो.

लोहचुंबकाने काहीच ठरत नाही. चाकूला वापरतात ते 420, 440 जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. न चिकटणारं ते डब्या-ताटांचं 304, आणि त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून-विझवून कडक करता येत नाही.

आता तो कागद. हातात धरायची क्ष-किरणांची बंदूक पात्याला लावून तो निघालेला असणार. ती बंदूक वरचे थोडे मायक्रॉनच वाचते. जुन्या कार्बन पात्यांवर निकेलचा, कधी निकेलवर क्रोमचा मुलामा असायचा, म्हणजे मोजला गेला तो मुलामा. ओळखायची खूण सोपी आहे: निकेलचा आकडा मोठा असेल तर पोलाद नव्हे, मुलामा वाचलाय. चाकूच्या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये निकेल जवळपास नसतंच. हे फी घेणाऱ्याला कळायला हवं की नको? माझ्या कागदावर निकेलचा भलामोठा आकडा, आणि त्याच्याखाली बिनधास्त 'स्टेनलेस स्टील'. विचारलं तर 'मशीनने दिलंय साहेब'. मुलामा काढून पुन्हा मोजा म्हटलं तर नवी फी.

दुसरी गोम त्याहून मोठी. ही बंदूक कार्बन मोजतच नाही. 440A, 440B आणि 440C तिन्हींत क्रोमियम 16 ते 18 टक्के. फरक मुख्यतः कार्बनचा: 0.60–0.75, 0.75–0.95 आणि 0.95–1.20. म्हणजे कार्बनचा रकाना नसलेल्या कागदावर कोणी '440C' लिहून दिलं तर तो अंदाज समजा. कार्बन हवा असेल तर ठिणगीवरचं वर्णपटमापन लागतं. त्याला सपाट, स्वच्छ जागा हवी, आणि पात्यावर जळका डाग कायमचा राहतो. आजोबांच्या चाकूसाठी मी ते करणार नाही.

घरी करायचं ते असं. पाहायचं धारेच्या उतारावर, पात्याच्या मधल्या चकचकीत भागावर नाही. सहाणेवर घासून तिथला मुलामा केव्हाच गेलेला असतो. लोक इथेच चुकतात: मधोमध लिंबू लावतात, काही होत नाही, आणि 'स्टेनलेस' म्हणून मोकळे होतात. उतार स्पिरिटने पुसून तेल काढा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, मूठ सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लास्टिक) असेल तर विरघळेल. लिंबाच्या रसाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवा. राखाडी-काळा डाग पडला तर कार्बन. खात्रीसाठी मोरचुदाच्या पाण्याचा थेंब: कार्बन पोलादावर काही सेकंदांत तांब्याचा लाल थर चढतो, स्टेनलेसवर सहसा चढत नाही. मोरचूद विषारी आहे, नंतर साबणाने नीट धुवा. कोणताही थेंब खिळ्याजवळ नको, सांध्यात उतरला तर आतून गंजेल. दोन्ही पाती वेगवेगळी तपासा. पाठीची स्प्रिंग तपासून पात्याचा निष्कर्ष काढू नका. स्टेनलेस पात्यांच्या चाकूतही स्प्रिंग साध्या पोलादाची असू शकते.

ठिणग्यांची परीक्षा इथे कोणीतरी सुचवेलच. कार्बन जास्त असेल तर पांढऱ्या-पिवळ्या, दाट फुटणाऱ्या ठिणग्या. स्टेनलेसला आखूड, नारिंगी आणि कमी फुटणाऱ्या. खरं आहे, पण ग्राइंडरवर पातळ पातं क्षणात तापतं. निळी झाक दिसली की तिथलं तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं, कार्बन पात्याचं पाणी उतरलं, आणि ते पुन्हा चढवायचं तर चाकू खोलावा लागतो. शिवाय सेल्युलॉइड भडकन पेटतं. मुठीला कापराचा वास येत असेल तर ग्राइंडरच्या जवळही नेऊ नका. सेल्युलॉइड कुजताना निघणाऱ्या वाफांनी चांगलं स्टेनलेसही खड्डे पडून गंजतं, त्यामुळे 'गंजलंय म्हणजे कार्बन' हेही धरून चालू नका.

खरी माहिती बुडाच्या ठशात असते. पॉलिश पेपर मारू नका, ठसा जाईल आणि किंमतही. बॅटरीचा उजेड आडवा टाका, खडू चोळून पुसा, प्रत्येक पात्याच्या दोन्ही बाजू बघा. 'कास्ट स्टील' दिसलं तर ते बिडाचं पातं नव्हे. 1740 च्या दशकात हंट्समनने शेफील्डमध्ये सुरू केलेल्या मुशीतल्या पोलादाचं नाव आहे ते, म्हणजे कार्बन. हॅरी ब्रेअर्ली या धातुतज्ज्ञाचं स्टेनलेस 1913 चं, तेही शेफील्डचंच. त्यानंतर ज्याने ते वापरलं त्याने पात्यावर 'स्टेनलेस' मिरवलं, 'फर्थ स्टेनलेस' (फर्थ ही तिथली पोलाद कंपनी) असंही सापडतं. जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचं असेल तर 'रोस्टफ्राय', फ्रेंच असेल तर 'इनॉक्स', दोन्हींचा अर्थ स्टेनलेसच. शेफील्डच्या पात्यावर असलं काही नसेल आणि ठसा पुसट झालेला नसेल, तर माझं मत कार्बनकडे झुकेल. मात्र नामांकित ठशांच्या नकला भरपूर झाल्या, त्यामुळे थेंबाची परीक्षा टाळू नका.

आणि ग्रेडच्या नावाच्या मागे कशाला लागायचं? जुन्या शेफील्ड पात्याला 1095 म्हणणं म्हणजे अमेरिकी क्रमांक उगाच चिकटवणं. धार लावायला आणि जपायला कार्बन की स्टेनलेस एवढं कळलं की पुरे. मूठ हस्तिदंताची निघाली तर मात्र विकायच्या भानगडीत पडू नका, कायद्याने बंदी आहे.

तपासून झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पूर्ण कोरडं करा, आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. ठशाचा आडव्या उजेडातला फोटो टाकलात तर सांगता येईल ते सांगतो.