इग्वाना सतत जीभ का लावते? आजारी असेल का?

तुम्ही लिहिलंय की नवी इग्वाना (सरड्याच्या कुळातला मोठा पाळीव प्राणी) काचेला, फांदीला, तुमच्या बोटांनाही सतत जीभ लावते आणि जिभेचं टोक लालसर दिसतं, म्हणून घरचे घाबरलेत. मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकले आणि घरी इग्वाना सांभाळते. यात घाबरण्यासारखं काही नाही. हिरव्या इग्वानाच्या जिभेचं टोक उरलेल्या जिभेपेक्षा गडदच असतं. आणि जीभ लावते ती वास घ्यायला.

नाक तिला आहेच, पण हवेतून न उडणारे जड रेणू नाकापर्यंत पोचत नाहीत. ते जिभेनं टिपून आत न्यावे लागतात. तिच्या टाळूत एक जोड-अवयव असतो, त्याला जेकबसनचा अवयव म्हणतात. लुडविग जेकबसन या डॅनिश शास्त्रज्ञानं १८१३ मध्ये सस्तन प्राण्यांतल्या या अवयवाचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. जिभेवरचे कण तिथे पोचले की मेंदूला खबर जाते: हे खाणं आहे की नाही, इथे दुसरी इग्वाना येऊन गेली का, हा हात ओळखीचा आहे का. इग्वानाच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग असते, नरांत ती मोठी. त्यांतून मेणासारखा स्राव येतो, तो फांदीवर घासला जातो आणि दुसऱ्या इग्वाना तो जिभेनं वाचतात. मला तर या प्राण्यांतली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

इथे बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठी घोरपड दिसली तर जरा थांबून पाहा. तिची जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली. दोन टोकं दोन बाजूंचे कण टिपतात आणि कुठल्या बाजूला वास जास्त आहे ते तिला कळतं, जसं दोन कानांमुळे आपल्याला आवाजाची दिशा कळते. त्या जिभेत विष नसतं, तरी लोक उगाच मारायला धावतात. (घोरपड पाळायचा विचार मात्र मनात आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला पूर्ण संरक्षण आहे.) इग्वानाची जीभ जाड, मांसल, तिनं ती अन्नही उचलते.

म्हणून नव्या जागेत तिला हवं तितकं चाटू द्या. पिंजऱ्यातलं सगळं एकाच दिवशी धुऊन काढू नका, तिची ओळखीची खूण पुसली जाते. एखादी फांदी तशीच ठेवा. फिनेल अजिबात नको, सरपटणाऱ्या प्राण्यांना ते विषारी ठरतं आणि ही तर फरशीलाच जीभ लावणार. पपई किंवा आंबा चिरून तसाच हात पुढे केलात तर बोट खाणं समजून ती चावू शकते, त्यामुळे आधी हात धुवा. हाताळून झाल्यावर साबणानं पुन्हा धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. शिंकताना नाकातून पांढरी भुकटी उडाली तर ते जादा मीठ बाहेर टाकणं आहे.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, चिकट लाळ, हिरड्यांवर पिवळसर थर, सुजलेला किंवा मऊ पडलेला जबडा, यातलं काही दिसलं तर मात्र वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जाताना पिंजऱ्यातल्या यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याचा आणि खाण्याचा फोटो घ्या, ते पहिलं तेच विचारतील.