गालावरचे ठसे बुजवू नका: स्पॅनिश नाण्यांची प्रश्नोत्तरे

जुन्या स्पॅनिश चांदीच्या नाण्यांबद्दल त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : ‘पीस ऑफ एट’ म्हणजे नाण्याचा आठवा तुकडा ना?

उत्तर : नाही. आठ रेआल (स्पेनचं जुनं चलन) किमतीचं एक अखंड नाणं.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत १७९५ सालचं, चौथ्या कार्लोस राजाचं नाणं सापडलं. राजाच्या गालावर बारीक चिनी अक्षरं ठोकलेली आहेत. सोनार म्हणतो, खड्डे बुजवून, पॉलिश करून देतो, किंमत वाढेल. देऊ का?

उत्तर : अजिबात देऊ नका! १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला स्पॅनिश गलबतं चांदी नेत होती. समोरून चिनी व्यापारी रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन येत. त्यांना राजाच्या मुखवट्याशी कर्तव्य नव्हतं, चांदीच्या कसाशी होतं. नाणं हातात आलं की तोलायचं, पारखायचं आणि आपला ठसा मारायचा. चीनच्या बंदरांत इंग्रज या पारख्याला ‘श्रॉफ’ म्हणत. म्हणजे आपला सराफच. तुमच्या नाण्यावरचा एकेक ठसा म्हणजे एकेका पेढीची साक्ष आहे. सुरतेला उतरलेली अशी कितीतरी नाणी टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये झाले. तुमचं वाचलंय, ते सोनाराच्या कानशीखाली घालू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्टही नको. मऊ कागदात गुंडाळून ठेवा. मात्र ठसे आहेत म्हणून नाणं अस्सलच, असं धरून चालू नका. ठसेही खोटे मारतात. नाणेतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, लोहचुंबकाला चिकटत नाही म्हणजे चांदी. शिवाय ‘बुडालेल्या जहाजातलं’ असं प्रमाणपत्रही देतो.

उत्तर : पितळ आणि शिसंही चिकटत नाही. स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राला कवडीची किंमत नाही. वजन करा : सुमारे २७ ग्रॅम हवं. मेक्सिकोच्या नाण्यावर एम आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा ओ असतो, कडेवर गोल आणि चौकोनांची नक्षी. एवढं जुळलं तरी पैसे मोजण्याआधी तज्ज्ञाचं मत घ्याच.

प्रश्न : असं नाणं अमेरिकेतल्या भाच्याला भेट पाठवलं तर चालेल?

उत्तर : नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न : वाड्याचा पाया खणताना हंडाभर नाणी निघाली. सहा महिने झाले, घरातच आहेत.

उत्तर : सहा महिने! १८७८ चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा आजही लागू आहे. उद्याच वकिलांना गाठा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तोवर एकही नाणं विकू नका, वाटू नका, धुऊ नका.